वरच्या माणसाची तब्येत

स्टोक, डेव्हनपोर्ट
फेब्रुवारी १८९६, रविवार दुपार

प्रिय प्रू,

नाताळानंतरची तुझी दोन्ही पत्रं समोर उघडी ठेवून बसले आहे. एकात शियरनेसचं धुकं आहे, दुसऱ्यात शियरनेसचा वारा. आणि खाली सही काय, तर ‘आपली, प्रुडन्स व्हेनिंग’. अगं, कोळसेवाल्याला लिहितेस की मला? मटन कोव्हच्या पायऱ्यांवर बसून सारण भरलेल्या एकाच पेस्टीची दोन टोकं दोघींनी खाल्ली, आणि आता मला ‘आपली’? पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुझ्या बोटांच्या संधिवाताला दोष दिला. दुसऱ्या पत्राने मात्र मनात चर्र झालं. रागावले नाही हं. तू अशी कोरडी का झालीस ते मला आता कळलं आहे, आणि त्यावर पोटभर रडून, मग पोटभर हसूनही झालं आहे. ते ओघात येईलच. आधी घरचं सांगते, कारण हे पत्र तू जेवणानंतर तुझ्या नवऱ्याला, अँब्रोजला, मोठ्याने वाचून दाखवणार, आणि सुरुवातीलाच मुद्द्याचं आलं तर तो टोपी घालून डॉकयार्डात निघून जाईल.

इथे सगळं छान आहे. आमच्या जेनिफरला सॉल्टॅशला दुसरी मुलगी झाली, आजोबांचं नाक घेऊन आली आहे बिचारी. धाकटा ट्रुरोच्या शाळेत मास्तरकी करतो आणि प्रत्येक सुट्टीत येऊन आम्हालाच शिकवतो. तुमचा एडविन दर रविवारी कीहॅमच्या नौदलाच्या इंजिनियरिंग कॉलेजातून जेवायला येतो. केशरी पावांची परात त्याच्यासमोर ठेवावी आणि आपण खिडकीबाहेर बघावं, म्हणजे तोही संकोचत नाही आणि आपणही घाबरत नाही. अभ्यासात हुशार आहे. यंत्रांच्या चित्रकामात तर आमचा सायलस म्हणतो, हा पोरगा बापापेक्षा स्वच्छ रेघ मारतो. हे वाक्य अँब्रोजला दोनदा वाचून दाखव.

सायलस मार्चच्या अखेरीस पंचावन्नाचा होतो. त्याचा अर्थ तुला सांगायला नको, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गेली दोन वर्षं आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तो नियमच जास्त वाजतो. फ्लीट इंजिनियर पंचावन्नाला घरी जातो. त्याच्या वरचा इन्स्पेक्टर साठाला. म्हणजे वाढदिवसाच्या आत वर एक जागा रिकामी झाली तर सायलसच्या बाहीवर चौथा पट्टा आणि आणखी पाच वर्षं नोकरी. नाही झाली तर वाढदिवसाचा केक कापायचा, आणि गणवेश कापूर घालून पेटीत ठेवायचा. फ्लीट इंजिनियरांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर आहे, पुढचा नंबर त्याचाच. पण जागा रिकामी व्हायची म्हणजे कुणीतरी इन्स्पेक्टर घरी तरी गेला पाहिजे, नाही तर देवाघरी. आणि सगळे इन्स्पेक्टर, तुझा अँब्रोजही त्यांतलाच, देव त्यांना सुखी ठेवो, घोड्यासारखे धडधाकट.

तुला म्हाताऱ्या मिसेस ट्रेथेवी आठवतात? आपल्या दोघींची लग्नं नुकतीच झाली होती. त्यांनी चहाला बोलावून आपल्याला समोर बसवलं होतं, आणि मला वाटलं होतं, आता संसाराच्या चार गोष्टी सांगतील. त्यांनी एकच सांगितली. म्हणाल्या, “पोरींनो, आपली माणसं इंजिनं चालवतात, पण बढती चालते ती दुसऱ्याच्या दुखण्यावर. म्हणून वरच्या माणसाची तब्येत कधी विचारायची नाही. आणि खालच्याच्या बायकोने विचारली तर म्हणायचं, ठणठणीत.” आपण घरी जाताना किती हसलो होतो. पुढे माल्टाला बघितलं ना, मिसेस हॉकिंग पायऱ्यांवरून घसरलेल्या नवऱ्याला शालीत लपवून घरी नेत होती, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती की हे नाचून दमलेत. कुठल्या घरात कोणाला दमा, कोणाचं यकृत बिघडलेलं, हे आपल्याला मुलांच्या वाढदिवसांसारखं पाठ असतं, पण तोंडातून एक शब्द काढायची सोय नाही. दर्यावर्दी अधिकाऱ्यांच्या बायका टोप्यांवर बोलतात, डॉक्टरांच्या बायका दर्यावर्दींच्या बायकांवर बोलतात, आणि आपण इंजिनियरांच्या बायका हवामानावर. तुझ्या पत्रातल्या धुक्यावरून तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

खरं सांगू? तो चौथा पट्टा मला हवा होता. सायलसला पाच वर्षं आणखी यंत्रांत हात घालायला मिळावा असं वाटत होतंच, पण मला माझ्यासाठी हवा होता. सायलसला जहाजावर पहिल्यांदा अधिकाऱ्यांच्या जेवणघरात खुर्ची मिळाली तेव्हा एका लेफ्टनंटने खिडकी उघडायला लावली होती, तेलाचा वास येतो म्हणून. आणि चर्चमध्ये मिसेस फॅनशॉ, नवरा कमांडर, अजून मला हात देते तो दोनच बोटांचा. सोनेरी पट्ट्यांच्या मधली आपली इंजिनियरांची जांभळी पट्टी बघितली की तिच्या नाकाची पाळी किंचित हलते, तू पाहिलंच आहेस. इन्स्पेक्टरची बायको झाले असते तर चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसले असते, आणि बाहेर पडताना तिला पाचही बोटं दिली असती. एवढाच माझा सूड. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी फोर स्ट्रीटच्या शिंप्याकडून चौथ्या पट्ट्यासाठी जांभळं कापड आणूनही ठेवलं होतं, चादरींच्या खाली. बारशाआधी पाळणा विकत घेऊ नये म्हणतात, ते उगाच नाही.

तर आता ऑक्टोबरकडे येते. तू तेव्हा सहज लिहिलं होतंस की अँब्रोजला खोकला झालाय, त्या दलदलीतलं धुकं छातीत बसलंय. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर यादी आली नाही ग. माल्टाचा उन्हाळा आला. सायलस तापात बडबडत होता, जेनिफर पोटात होती, आणि अँब्रोज जहाजावरचं काम आटोपून रोज आमच्याकडे येऊन त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसायचा. सकाळी पुन्हा बॉयलरपाशी. त्या आठवणीतच मी उठले, बदकाची चरबी कढवून बरणी भरली, लाल फ्लॅनेलचा छातीपट्टा शिवला, आणि सोबत चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं होतं ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण गेले तीन दिवस मी ते मनात घोळवते आहे. ‘अँब्रोजला म्हणावं, जिवाला जप. या वयात कशाला एवढी दगदग करायची?’

वाचलंस ना पुन्हा? मीही आता वाचते तेव्हा कानशिलं तापतात. इन्स्पेक्टरच्या जागेवर बसलेल्या माणसाला, पुढच्या नंबरच्या बायकोने, नवऱ्याच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, छातीचा पट्टा पाठवून विचारायचं की या वयात दगदग कशाला. हात दाखवून अवलक्षण याला नाही तर कशाला म्हणायचं? दुसऱ्या कुठल्याही गावात ती नुसती चरबीची बरणी ठरली असती. आपल्यात ती ‘जागा रिकामी करा’ अशी नोटीस झाली. आणि तू, वेडे, मला तोंडावर विचारण्याऐवजी धुक्याचं वर्णन करत बसलीस.

मला यातलं काहीच कळलं नव्हतं. कळलं ते सायलस नौदलाच्या एका कमिटीच्या कामाला लंडनला गेला आणि तिथून एक मुक्काम तुमच्याकडे करून आला, त्यानंतर. आला तो हत्यारांची पेटी काढून बसला. पहिल्या दिवशी कपडे पिळायच्या यंत्राचे रूळ काढून तेलपाणी केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. सायलस एकच यंत्र दोनदा उघडतो तेव्हा बिघाड यंत्रात नसतो, हे मला माहीत आहे, म्हणून मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सूप पिताना आपणहून बोलला. तुमच्याकडे असताना सकाळी अँब्रोज त्याला एका नव्या जहाजाचं इंजिन दाखवायला घेऊन गेला म्हणे. तीन मजले शिड्या उतरला, तीन चढला, आणि सगळा वेळ तोंडाची टकळी चालू. एकदाही धाप नाही. संध्याकाळी तू मटण वाढत होतीस, सायलसच्या वाढदिवसाचा विषय निघाला, आणि अँब्रोजला असा खोकला आला की तू पाणी आणायला धावलीस. मग तोंड पुसून म्हणाला, छातीने दगा दिला, डॉक्टरही तेच म्हणतात, मार्चच्या सुरुवातीलाच निवृत्तीचे कागद घालून मोकळा होणार.

आता सायलसचे कान तू जाणतेस. हा माणूस झोपेतही ओळखतो की शेजारच्यांच्या पंपाचा वॉशर गेलाय. मला म्हणाला, “टॅमसिन, तो खोकला बॉयलरमधून येत नव्हता ग. नुसती शिट्टी होती. अँब्रोज माझ्यासाठी जागा रिकामी करतोय. पण त्याच्या डोक्यात हे घातलं कोणी?”

मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर ऑक्टोबरपासून त्याला फक्त एक छातीपट्टा पाठवला. आणि सहज, अगदी सहज, चिठ्ठीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. सायलसने चमचा खाली ठेवला. मग मला मिसेस ट्रेथेवी आठवल्या, आणि मी तिथेच, सूपाच्या भांड्यासमोर, ॲप्रन तोंडाला लावून रडले. जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही आणि चिंतलं असं दिसावं, तेही अँब्रोजचं, जो माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसला होता त्याचं. सायलस उठून मागे उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागला. त्याचं ते पोट हलवून, आवाज न करता हसणं. मग मलाही आवरेना. रांधायला आलेली पोरगी दारात येऊन परत गेली, तिला वाटलं आम्हाला वेड लागलं.

मग तो डागाबद्दल बोलला. मला तो डाग माहीत होता, पण अँब्रोजने तो असा जपून ठेवलाय हे माहीत नव्हतं. परीक्षेत दोघं शेजारीशेजारी बसून चित्रं काढत होते, दौत सांडली, सायलसच्या वाफेच्या पंपावर शाईचा डाग पडला, आणि त्या डागाचे गुण कापले गेले. म्हणून एकाच दिवशी नोकरीला लागूनही यादीत अँब्रोज वर, सायलस खाली. एकविसाव्या वर्षी एक पायरी खाली राहिलास की आयुष्यभर खालीच, आपल्या खात्याची रीतच ती. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जागा रिकामी झाली ती अँब्रोजला मिळाली आणि सायलस दाराशी उभा राहिला. आणि आता शियरनेसहून रात्री निघताना अँब्रोजने त्याला फाटकापाशी धरून सांगितलं म्हणे, की दौतीला माझं कोपर लागलं होतं, ती जागा तुझीच होती, आणि इतकी वर्षं हे मला खातंय. सायलसला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही, कारण गाडीची वेळ झाली होती. म्हणून मी त्याच्या वतीने लिहिते, आणि हे तू सावकाश वाच. दौत सायलसने स्वतः काठावर ठेवली होती. मास्तरांनी दोनदा सांगूनही. कोपर कुणाचं का लागेना, काठावरची दौत सांडणारच. तो म्हणतो, अँब्रोजने माझ्या निष्काळजीपणाचं श्रेय घेऊ नये.

माझा पहिला बेत होता की लगेच तुला लिहावं, शपथा घालाव्यात, अँब्रोजला थांबवावं. सायलस म्हणाला, शपथांनी तो थांबणार नाही. तू जितकं नाही म्हणशील तितकं त्याला वाटेल की आपण भिडेपोटी बोलतोय. गाढव आहे तो, आणि उपकार करायला निघालेलं गाढव कुणाच्याने वळत नाही. आणि तो घरी बसला तर काय होईल हेही आम्ही बोललो. तुझी आई तुमच्याकडे, एडविनचं कॉलेज अजून चालू, आणि पूर्ण वर्षं न भरता गेलेल्याचं निवृत्तिवेतन कात्रीतून निघतं. शिवाय अँब्रोज घरी बसून करणार काय? तो गुलाब लावेल आणि दर आठवड्याला उपटून बघेल, मुळं धरली की नाही ते.

तर प्रू, काल सकाळी सायलस चांगला कोट घालून डॉकयार्डात गेला आणि स्वतःचेच कागद देऊन आला. वाढदिवसाची वाट न बघता, या महिन्याअखेर निवृत्त. ॲडमिरलसाहेब भले आहेत, म्हणाले, अहो मिस्टर रॉडा, थोडं थांबा, कोण जाणे, तेवढ्यात वर एखादी जागा रिकामी व्हायची. सायलस म्हणाला, “साहेब, जागा रिकामी होईल या भीतीनेच तर निघालोय.” साहेबांना काही उमगलं नाही, पण त्यांनी सही केली. घरी आला, बूट काढले, आणि म्हणाला, टॅमसिन, इतकी वर्षं जागेची वाट बघितली, ती मित्राच्या छातीवर पाय देऊन घ्यायची होती थोडीच? मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. त्याच्याकडे बघितलं आणि वाटलं, हा माणूस चौथा पट्टा लावून घरी आला असता तर आज दिसतो त्याहून उंच दिसला नसता. हे मी त्याला सांगितलं नाही, उगाच चढून बसेल. दुपारी तो टॉरपॉइंटला, साखळीवर ओढल्या जाणाऱ्या वाफेच्या नावेवर गेला. तिथला म्हातारा इंजिनवाला त्याला खाली उतरू देतो, दोघं त्या इंजिनापाशी डोळे मिटून बसतात, आणि संध्याकाळी तो चेहऱ्याला काजळी लावून, भूक भूक करत परत येतो. त्याला अधिकारीपद मिळालं त्या दिवशीही मी त्याला इतका सुखी पाहिला नव्हता.

आता अँब्रोजला हे शेवटचं नीट ऐकव. सायलस यादीतून उतरला. म्हणजे अँब्रोजने मार्चमध्ये कागद घातले तर ती जागा सायलसला मिळणार नाही, ती मिळेल खालच्या नंबरला. आणि खालचा नंबर कोण? कथबर्ट बिकल. हो, तोच, पांढरे हातमोजे घालून इंजिनघरात उतरणारा, आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या स्टोकरने शोधलेला बिघाड स्वतःच्या नावावर सांगणारा. आयत्या बिळावर नागोबा. त्याला चौथा पट्टा लावून शियरनेसला, तुमच्याच घरात, अँब्रोजच्याच खुर्चीत बसवायचं असेल, तर खुशाल खोकावं. सोबत एक पुडकं पाठवते आहे, बिचकू नकोस. नवा छातीपट्टा आहे, आधीपेक्षा जाड, आणि त्याच्या कडेला मी ते चौथ्या पट्ट्याचं जांभळं कापड लावलं आहे. आतून घालायचा आहे, तेव्हा कुठल्या नियमात बसतो की नाही हे कुणी बघणार नाही. हे पत्र लिहायचं खरं कारण एवढंच, की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमच्या वर-खाली आमचं कुणी नाही. आता मी तुला हवं ते विचारू शकते, आणि तूही मला ‘ठणठणीत’ म्हणायची गरज नाही. तेव्हा धुकं नको, वारा नको, खरंखरं लिही. प्रू, अँब्रोजचा खोकला कसा आहे?

पेस्टीच्या दुसऱ्या टोकाची, तुझीच,
टॅमसिन